आपली गोष्ट कोण सांगतंय? साताऱ्याच्या 'नकुसा', माणदेशचा रेडिओ आणि आपल्या खिशातला रेकॉर्डर

(ही एपिसोडची लिखित आवृत्ती आहे. एसटीत रेंज नसेल किंवा इयरफोन घरी राहिले असतील, तर वाचून घ्या. बोलताना लांबलेलं थोडं छाटलंय, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवलीय.)



आज एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू. तुमचं नाव कुणी ठेवलं? बऱ्याच जणांचं उत्तर असेल, आत्याने. बारशाला पाळण्यापाशी वाकून तिने कानात नाव सांगितलं, मग तिच्या पाठीवर धपाटे, घुगऱ्या, फोटो. नाव म्हणजे घरच्यांनी आपल्याबद्दल सांगितलेली पहिली गोष्ट. "ही आमची श्रावणी, श्रावणात झाली." झाली की नाही एका ओळीची गोष्ट?

आता विचार करा, ती पहिली गोष्टच अशी असेल की "ही आम्हाला नको होती", तर?

साताऱ्यातल्या २८५ मुली

सातारा जिल्ह्यात 'नकुसा' किंवा 'नकोशी' नावाच्या मुली होत्या. अर्थ सांगायला नकोच. मुलीमागून मुलगी झाली की तिचं हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत.

आपल्याकडे दगडू, धोंडू अशीही नावं होती, पण त्यांची तऱ्हा वेगळी. आधीची मुलं दगावलेली असायची, म्हणून याला तरी दृष्ट लागू नये, हा तरी जगावा, म्हणून मुद्दाम ओबडधोबड नाव. 'दगडू' म्हणताना आई मनातून 'तू राहा' म्हणत होती. 'नकुसा' या नावात 'आता पुरे' होतं. आणि ते शाळेच्या हजेरीत रोज पुकारलं जायचं. मुलीने उभं राहून 'हजर' म्हणायचं.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने अशा मुली शोधल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात त्यांचं सामूहिक नामकरण केलं. २८५ मुली. ठेवणीतले कपडे, वेण्या, रिबिनी. रांगेने एकेक मुलगी पुढे येत होती आणि तिच्या हातात नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि छोटा फुलांचा गुच्छ दिला जात होता. कुणी सिनेमावाल्या ऐश्वर्याचं नाव घेतलं, कुणी सावित्री, कुणी साधं वैशाली. पंधरा वर्षांच्या एका मुलीने पत्रकारांना सांगितलं, की आता शाळेत मैत्रिणी मला नव्या नावाने हाक मारतील, याचा मला आनंद वाटतोय.

हे वाक्य लक्षात ठेवा. कागदावर नाव बदललं, एवढ्यावर ती थांबली नाही. तिला दिसत होतं ते मैत्रिणींनी हाक मारणं. आजचा सगळा विषय याच्याभोवती आहे.

'नॅरेटिव्ह थेरपी' म्हणजे काय?

साताऱ्यातला तो कार्यक्रम काही थेरपी म्हणून झाला नव्हता. पण तिथे जे घडलं, त्याच्याशी जुळणारी समुपदेशनाची एक पद्धत जगात आहे. ऑस्ट्रेलियातला मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचा डेव्हिड एप्स्टन, या दोघांनी १९८० च्या दशकात ती घडवली. त्यांचं प्रसिद्ध पुस्तक १९९० चं. ॲडलेड शहरातलं डलविच सेंटर हे तिचं मुख्य ठाणं. नाव 'नॅरेटिव्ह थेरपी', आपण 'गोष्टीतून उपचार' म्हणू.

कल्पना अशी. आपल्या आयुष्यात घडतं पुष्कळ, पण आपल्याबद्दल सांगितली जाते एखादीच गोष्ट. 'हा नापास.' 'ती नकोशी.' 'तो दारूड्याचा पोरगा.' ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते की तिच्यात न बसणारे प्रसंग कुणाच्या ध्यानातच येत नाहीत. शेवटी आपणही तीच सांगायला लागतो. मग समुपदेशक तीन कामं करतो. एक, माणूस आणि त्याची अडचण यांना वेगळं करतो. दोन, त्या एकाच गोष्टीत न बसणारे, मागे पडलेले प्रसंग शोधायला मदत करतो. तीन, त्यातून जी नवी गोष्ट उभी राहते ती ऐकायला साक्षीदार आणतो. कधी पत्र लिहून देतो, कधी चक्क प्रमाणपत्र. हो, या पद्धतीत प्रमाणपत्रं देतात. साताऱ्याच्या मुलींच्या हातात होतं ना, तसंच.

पहिलं काम: अडचणीला बाजूला बसवणं

यात मराठी माणसाला एक फायदा आहे बघा. आपण काय म्हणतो? 'मला राग आला.' 'मला भीती वाटली.' 'टेन्शन आलंय.' म्हणजे राग कुठून तरी आला, तसा तो जाईलही. पाहुणाच तो. आपली भाषा भावनेला माणसापासून आधीच थोडं दूर ठेवते.

पण शिक्का मारायची वेळ आली की हीच भाषा फिरते. 'ती वांझ आहे.' 'तो वाया गेलेला आहे.' 'मी ढ आहे.' आता पाहुणा घरमालक झाला. 'मी ढ आहे' याच्या जागी 'गणित आलं की भीती माझ्या मानगुटीवर बसते' असं म्हणून बघा. दुसऱ्या वाक्यात विचारायला जागा आहे. भीती कधी बसते? कधी बसत नाही? कोण जवळ असलं की ती पळते?

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. बार्बरा विंगार्ड या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या आरोग्य कार्यकर्त्या. त्यांच्या लोकांत मधुमेह फार. पण डॉक्टर बोलायला लागले की लोकांना वाटायचं, हे आपल्यालाच दोष देताहेत. कारण गोऱ्या सरकारचे दोष ऐकण्यातच पिढ्या गेलेल्या. मग बार्बराबाईंनी एक युक्ती केली. एका व्यक्तीने 'शुगर' व्हायचं. शुगर समोर खुर्चीत बसणार आणि लोक तिला प्रश्न विचारणार. तू आमच्या अंगात काय काय करतेस? तुला कोण आवडतं? तू कशाला घाबरतेस?

खोलीतला दोष देण्याचा सूर गेला. आता सगळे एका बाजूला आणि शुगर दुसऱ्या बाजूला. आणि गंमत म्हणजे आपणही मधुमेहाला 'शुगर'च म्हणतो. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात 'त्यांना शुगर आहे' हे वाक्य कुठल्या घरात ऐकलं नाही, सांगा. उद्या आपल्या एखाद्या आरोग्य शिबिरात कुणी 'शुगरबाई' होऊन खुर्चीत बसलं, तर पथनाट्यवाल्या आपल्या लोकांना शिकवावं लागणार नाही.

दुसरं काम: दाबलेला प्रसंग शोधणं

यासाठी लांब जायची गरज नाही. माण तालुका, म्हसवड. तिथल्या बायकांना बचतीसाठी बँक हवी होती. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला, आणि तो नाकारला गेला. कारण? प्रवर्तक म्हणून ज्या बायका होत्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अर्जावर अंगठे होते. आपल्याकडे शब्दच आहे, 'अंगठेबहाद्दर'. कौतुक नव्हे, टोमणा.

बायका म्हणाल्या, मग शिकू. काही महिने अक्षरं गिरवली आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. तिथे त्यांनी साहेबांना सांगितलं, की कुठलीही मुद्दल सांगा, आम्ही व्याज काढून दाखवतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

इथे दाबलेला प्रसंग कोणता? तोंडी हिशेब. तो त्या बायका रोज करत होत्या, बाजारात, शेतावर, उसनवारीत. पण 'अडाणी' या गोष्टीत तोंडी हिशेबाला जागाच नव्हती. बायकांनी तोच प्रसंग उचलून मधोमध ठेवला आणि गोष्ट फिरली. यात एक खोच आहे, तीही बघा. त्यांनी 'आम्हाला अडाणी म्हणू नका' अशी विनंती केली नाही. त्यांनी असलेलं कसब पुढे मांडलं, आणि साहेबांना ते बघायला लावलं.

तिसरं काम: ऐकणारं माणूस

आता पुन्हा ऑस्ट्रेलियात जाऊ, कारण साक्षीदाराचं महत्त्व तिथे फार ठळक दिसतं. १९९४ साली साउथ ऑस्ट्रेलियात कॅम्प कूरोंग इथे काही अ‍ॅबोरिजिनल कुटुंबं जमली. यांच्या घरातली माणसं पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात मेली होती. चौकशी आयोग होऊन गेला होता, अहवाल आले होते, पण घरातलं दुःख तसंच होतं. तिथल्या अ‍ॅबोरिजिनल आरोग्य संस्थेने आणि डलविच सेंटरने मिळून हे शिबिर घेतलं.

पद्धत साधी होती. कुटुंबं बोलायची, बाकीचे ऐकायचे. मग ऐकणारे बोलायचे. सल्ला द्यायचा नाही, कीव करायची नाही. आम्ही काय ऐकलं, त्यातलं कशाने आम्हाला हलवलं, एवढंच सांगायचं. आणि आता कुटुंबं ऐकायची. आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून परत येते तेव्हा तिच्यातलं धैर्य आपल्यालाही दिसतं. एरवी आपल्याला फक्त भोगलेलं दिसत असतं.

ऐकणारं माणूस नसलं की काय होतं, हे सांगायला आपल्याकडे फलटणच्या बेबीताई कांबळे आहेत. त्यांचं छोटं दुकान होतं. दुकानात पुड्या बांधायला येणाऱ्या रद्दीतून त्या वाचत गेल्या आणि चोरून लिहीत गेल्या. लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी ते बघितलं, छापायचा आग्रह धरला, आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तकरूपात आलं. दलित स्त्रीने लिहिलेल्या सुरुवातीच्या आत्मकथनांपैकी ते एक. नाव बघा, 'आमुचं'. गोष्ट एकटीची नाही, सगळ्यांची. एक वाचणारं माणूस भेटेपर्यंत ती फळीवर पडून होती.

मग यात फोन कुठे येतो?

आला. १९९४ च्याच सुमारास अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला जो लॅम्बर्ट आणि त्याच्या मित्रांनी साध्या माणसांना आपली गोष्ट संगणकावर मांडायला शिकवायला सुरुवात केली. आपला आवाज, आपले फोटो, दोन-तीन मिनिटं. याला 'डिजिटल स्टोरीटेलिंग' नाव पडलं. पुढे ही पद्धत जगभर गेली, दूरच्या अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांतही. कारण उघड आहे. जिथे गोष्ट तोंडानेच सांगितली जाते, तिथे लिहिण्यापेक्षा रेकॉर्डर जवळचा वाटतो.

आपल्याकडे हे काम आधी रेडिओने केलं. म्हसवडमध्ये २००८ साली 'माणदेशी तरंग वाहिनी' हा सामुदायिक रेडिओ सुरू झाला, ९०.४ एफएम. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या जालिहाळला 'येरळावाणी' आहे. चेतना सिन्हा यांनी टेडच्या भाषणात केराबाईंची गोष्ट सांगितली आहे. दुष्काळात जनावरं जगवायची म्हणून त्या सोनं गहाण ठेवायला आल्या होत्या. पुढे माणदेशीची चारा छावणी उभी राहिली, त्या छावणीत केराबाई गाऊ लागल्या, आणि मग रेडिओवर आल्या. आता एक विचार करा. दुष्काळाची बातमी मुंबईच्या चॅनलवर येते तेव्हा माणदेशची बाई दिसते कशी? डोक्यावर हंडा, चेहऱ्यावर ऊन, मागे उदास संगीत. केराबाई माइकपुढे बसल्या की तोच दुष्काळ, पण सांगणारी त्या. त्यात गाणं असतं, शहाणपण असतं, चेष्टाही असते.

सांगलीचं उदाहरण याहून अवघड आहे. 'संग्राम' ही संस्था तिथे १९९२ पासून काम करते, आणि १९९६ पासून देहविक्री करणाऱ्या बायकांची स्वतःची संघटना आहे, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, थोडक्यात 'वॅम्प'. या बायकांबद्दल जगाकडे दोनच गोष्टी तयार असतात. एक 'वाईट बाई', दुसरी 'बिचारी'. दोन्ही दुसऱ्यांनी लिहिलेल्या. आम्हाला वाचवायला येणाऱ्यांपासून आधी आम्हाला वाचवा, अशा अर्थाची घोषणा त्यांनी दिली. आपल्या आयुष्यावर स्वतः नाटक उभं केलं, स्वतः त्यात कामं केली. तुम्हाला त्यांची सगळी मतं पटतील असं नाही. पण कीव हीसुद्धा वर दाबून बसणारी गोष्ट असू शकते, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं

इथवर ऐकून वाटलं असेल, चला, फोन काढू, आजीचा व्हिडिओ करू, रील टाकू. थांबा जरा.

आपण सुरुवातीला भेटलो त्या २८५ मुली आता मोठ्या झाल्यात. ती पंधरा वर्षांची मुलगी तिशीकडे आली असेल. तिने नाव बदललं, कारण जुनं नाव मागे टाकायचं होतं. पण त्या दिवशी कॅमेरे होते. आजही सर्च केलं की बातम्या निघतात, फोटो निघतात, आणि काही बातम्यांत जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी छापलेलं आहे. कुणाचा हेतू वाईट नव्हता. सगळ्यांना चांगली बातमी द्यायची होती. पण हजेरीच्या वहीतून पुसलेलं नाव इंटरनेटवर कायमचं राहिलं. म्हणून या एपिसोडमध्ये मी त्यांच्यापैकी एकीचंही जुनं-नवं नाव जोडून सांगितलेलं नाही.

या बाबतीत अ‍ॅबोरिजिनल समाज आपल्या पुढे आहेत. तिथे बऱ्याच ठिकाणी मेलेल्या माणसाचं नाव घेणं, फोटो दाखवणं घरच्यांना दुखावणारं मानतात. म्हणून ऑस्ट्रेलियन टीव्हीवर कार्यक्रमाआधी तशी सूचना येते. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अनांगू लोकांनी १९९४ पासून 'आरा इरिटिच्या' नावाचा डिजिटल संग्रह उभा केला. मिशनरी, संशोधक, पर्यटक यांनी नेलेले त्यांचेच फोटो आणि आवाज त्यांनी परत मिळवले. आणि काय कुणी बघायचं, हे तेच ठरवतात. काही गोष्टी फक्त बायकांसाठी, काही फक्त पुरुषांसाठी. माणूस गेलं तर त्याचे फोटो बाजूला ठेवता येतात, घरच्यांचं मन तयार होईपर्यंत.

आपल्या फॅमिली ग्रुपवर असं कुणी कधी विचारलंय का? 'फॉरवर्ड केलं तर चालेल का?'

आज रात्री करून बघा

सातारा-सांगलीच्या कुठल्याही घरात सांगण्यासारखं ढीगभर आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. ७२ चा दुष्काळ, त्यातली सुकडी आणि मिलो. २०१९ चा कृष्णेचा महापूर. तर आजीजवळ बसा आणि एवढं पाळा.

आधी विचारा, 'आजी, रेकॉर्ड करू का?' झाल्यावर तिला ऐकवा आणि पुन्हा विचारा, 'ठेवू का पुसू?' परवानगी दोनदा. पहिल्यांदा तिला माहीत नसतं ती काय बोलणार आहे.

प्रश्नाआधी वस्तू हातात द्या. जुना फोटो, जात्याचा खुंटा, लुगड्याची घडी. वस्तू हातात आली की गोष्ट आपोआप येते.

'तू किती भोगलंस गं' असं विचारू नका. विचारा, 'तेव्हा तू काय केलंस? हे कुणाकडून शिकलीस? तू असं केलंस हे ऐकून कुणाला मुळीच नवल वाटलं नसतं?' हा शेवटचा प्रश्न नॅरेटिव्ह थेरपीवाल्यांचा हातखंडा आहे. कारण त्याच्या उत्तरात एक माणूस येतं, जे आजीला आधीपासून ओळखून होतं.

मग तुमची पाळी. फोन बाजूला ठेवून सांगा, 'यातलं हे ऐकून मला असं वाटलं.' एवढंच. कॅम्प कूरोंगला झालं ते हेच. हे राहिलं तर तुम्ही फक्त रेकॉर्डिंग केलं, ऐकलं नाही.

आणि ती क्लिप फोनमध्येच राहू द्या. सगळ्या गोष्टी जगासाठी नसतात.

एक सूचना गंभीरपणे. ही थेरपीची ओळख आहे, थेरपी नाही. बोलताना समोरचं माणूस कोलमडायला लागलं, किंवा तुम्हाला स्वतःला जगणं नकोसं वाटत असेल, तर रेकॉर्डर बंद करा आणि जवळच्या माणसाला सांगा. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास. मराठीत बोला.

जाता जाता. नाव ठेवणारी आत्या एका दिवसाची असते. पण ती हाक खरी होते रोज मारणाऱ्यांमुळे. तुमच्या ओळखीत कुणाला 'ढ्या', 'काळी', 'लुळ्या' अशी हाक असेल, आणि तुम्हीही ती मारत असाल, तर उद्या एकदा विचारून बघा, 'तुला कशी हाक मारलेली आवडेल?' आणि मग तीच मारा.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!